रंगीत खाऊ आणि मुलांचे अवधान

खाण्यातील कृत्रिम रंगांमुळे काही मुले अतिचंचल होतात, हे मत सॅन फ्रान्सिस्कोचे अ‍ॅलर्जीतज्ज्ञ डॉ. बेंजामिन फाइनगोल्ड यांनी १९७३ साली मांडले. पालकांनी ते उचलून धरले. शास्त्रज्ञ साशंक राहिले, आणि मला ते रास्त वाटते. आहार बदलला की घरातील सर्वांचे लक्षही मुलाकडे वळते. मग गुण आला तो कशाचा?

इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाने याची परीक्षा घेतली. तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुले निवडून त्यांना काही आठवडे फळांच्या रसाचे पेय दिले. त्यात कधी रंग व सोडियम बेंझोएट मिसळलेले असे, कधी नसे. केव्हा काय दिले, हे मुलांना, पालकांना वा शिक्षकांना ठाऊक नव्हते. २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला : चंचलता वाढते, पण थोडी, आणि सर्व मुलांत सारखी नव्हे.

बुद्धीच्या वाढीस रक्तक्षय व आयोडीनचा अभाव कितीतरी अधिक मारक, हे खरेच. तथापि रंगाने पोषण मुळीच होत नाही; तेव्हा थोडा अपाय तरी का सोसावा, असे मला वाटते. युरोपीय संघाने २०१० पासून सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या अवधानाविषयी इशारा छापणे सक्तीचे केले. त्यांपैकी टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसिन व पाँसो ४ आर हे चार रंग आपल्याकडे संमत आहेत. पाकिटावर कृत्रिम रंग असल्याची नोंद बारीक अक्षरांत सापडते; जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्याला तर पाकीटच नसते.