पाषाण ढळला, भाव अढळ

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च नगरीत 22 फेब्रुवारी 2011 रोजी भूकंप होऊन 185 जीव गेले. नगरमध्यातील ख्रिस्तमंदिराचा पाषाणी मनोरा कोसळला. निराश्रित उपासकांसाठी शिगेरू बान या जपानी वास्तुशिल्पज्ञाने मोबदला न घेता जाड पुठ्ठ्याच्या नळ्या, लाकूड व पोलाद यांचे प्रार्थनामंदिर योजिले. ऑगस्ट 2013 मध्ये ते उघडले. तेथे सुमारे 700 जण बसू शकतात. जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार मात्र 2024 साली द्रव्याभावी थांबला.

मंडप उतरल्यावरही श्रोते दुसऱ्या दिवशी त्याच जागी येऊन उभे राहतात, हे आम्ही कीर्तनकारांनी पाहिले आहे. त्या दूरदेशीच्या भाविकांनीही पुठ्ठ्याच्या छायेत तीच वाट धरली. वाचकहो, सणाच्या या मंगलदिनी त्यांच्या धैर्यास आमचे वंदन!