मिरजेच्या ताईंची सही

गेल्या पावसाळ्यात पुण्यात प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत आम्ही एक बैठं घर पाहिलं. काळ्या दगडाचं जोतं, मंगलोरी कौलं, दारात बकुळ. विकणारे दोघे भाऊ, दोघेही साठीपुढचे. बोलणी ठरत आली तेव्हा आमच्या वकिलांनी मालमत्ता पत्रक मागितलं. त्यावर नाव अजून वडिलांचंच होतं.

“मिरजेला बहीण आहे आमची,” थोरले म्हणाले, “पण तिचं काही म्हणणं नाही. लग्नात सगळं केलंय तिचं.”

जुनं घर घेताना हे वाक्य कानावर आलं की तिथेच थांबावं. मुलींना हक्क २००५ मध्ये मिळाला, असं पुष्कळांना वाटतं. ती दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेची. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं घर मृत्युपत्राविना मागे राहिलं, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच मुलगा, मुलगी, पत्नी आणि हयात असल्यास वडिलांची आई यांचा वाटा सारखा. उद्या पत्रकावर भावांची नावं चढली म्हणून बहिणीचा वाटा बुडत नाही. ती सरकारदरबारची नोंद, मालकीचा दस्त नव्हे. बहिणीला खरंच काही नको असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं. नोटरी केलेला स्टॅम्प पेपर इथे चालत नाही.

तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा, वृत्तपत्रात जाहीर नोटीसही द्यावी. पण शोधात दिसतात ते नोंदवलेले व्यवहार. राहून गेलेली वाटणी त्यात दिसत नाही. त्यासाठी माणसांनाच भेटावं लागतं.

आम्ही मिरजेला गेलो. ताई सही द्यायला तयार होत्या, मात्र खरेदीखतावर, भावांच्या बरोबरीने आणि आपला हिस्सा घेऊन. मला ते अगदी रास्त वाटलं. मग त्या घराबद्दल बोलत राहिल्या. स्वयंपाकघराची पश्चिमेची भिंत चुन्यातली. वडील गेल्यावर तिला सिमेंटचा गिलावा केला आणि तेव्हापासून ओल हटेना. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं, हे आमच्या इंजिनिअरने नंतर सांगितलं. मागच्या अंगणात फरशीखाली बुजवलेली विहीर आहे, हेही ताईंकडूनच कळलं. भावांना त्याचा विसर पडला होता.

नोंदणीच्या दिवशी त्या पहाटेच्या गाडीने आल्या. “आधी घरी चला,” म्हणाल्या. अंगणात जाऊन त्यांनी टाचेने एकेक फरशी वाजवली आणि विहिरीची जागा दाखवली.