तारखा दोन, तिथी एक

मोठ्या घटना एकाच दिवशी घडल्याची उदाहरणे गोळा करण्याचा छंद पुष्कळांस असतो. अमेरिकेचे दोन माजी अध्यक्ष, जॉन ॲडम्स व टॉमस जेफर्सन, ४ जुलै १८२६ या एकाच दिवशी निवर्तले. आणि तो दिवस त्यांच्या राष्ट्राच्या स्वातंत्र्य-जाहीरनाम्याला पन्नास वर्षे पुरी होण्याचा होता. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी कैलासवासी झाले, त्याच दिवशी वाटेगावी अण्णा भाऊ साठे जन्मास आले. अशा जोड्या वाचताना मौज वाटते खरी; परंतु हा ‘एकच दिवस’ कोणाच्या पंचांगातला, हे पाहिल्यावाचून जोडी जुळवू नये. शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस या दोघांच्याही मृत्यूची तारीख २३ एप्रिल १६१६ अशी सांगतात. पण स्पेनने पोप ग्रेगरीची नवी गणना स्वीकारली होती आणि इंग्लंड जुन्या गणनेस चिकटून होते. सबब तारीख एक असूनही त्या दोन दिवसांत दहा दिवसांचे अंतर पडते.

आमच्या माकणीच्या बाबतीत नेमके याच्या उलट झाले आहे.

माकणी हे धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्याचे, तेरणाकाठचे गाव. या मुलखाच्या स्मरणात गेल्या शतकातील दोन दिवस खोल रुतलेले आहेत: १७ सप्टेंबर १९४८ आणि ३० सप्टेंबर १९९३. पहिल्या दिवशी शाळेत ध्वजवंदन होते, तेरा दिवसांनी भूकंपात गेलेल्यांस श्रद्धांजली वाहिली जाते. प्रस्तुत लेखकाने या दोन्ही तारखा वर्षानुवर्षे मुलांकडून घोकून घेतल्या. परंतु शके १८७० आणि शके १९१५ ही दोन पंचांगे शेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही तारखांमागे एकच तिथी उभी दिसते. ती भाद्रपद शुद्ध चतुर्दशी, अर्थात अनंत चतुर्दशी होय.

१९४८ साली १३ सप्टेंबर रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या हाताखालील भारतीय फौज सोलापुराहून निघाली आणि पहिल्याच दिवशी तिने नळदुर्ग घेतला. पुढची वाट याच जिल्ह्यातून, उमरग्यावरून हैदराबादेकडे जाणारी. शुक्रवारी, १७ तारखेस, निजामाने युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी रीतसर शरणागती झाली. लोहारा तालुक्यातीलच हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ पासून ज्या दिवसाची वाट पाहत होती, तो हा दिवस. स्वामी रामानंद तीर्थ तेथेच मुख्याध्यापक होते. त्या शुक्रवारी ज्यांच्या घरी अनंताचे व्रत होते, त्यांनी चौदा गाठींचा दोरा हातास बांधला तो निजामाच्या राज्यात. सायंकाळपर्यंत ते राज्य संपले होते.

दुसऱ्या घटनेविषयी चिकित्सक वाचक शंका काढतील. १९९३ चे गणपती विसर्जन बुधवारी, २९ सप्टेंबरला झाले आणि भूकंप ३० तारखेस पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. मग तिथी एक कशी? याचे उत्तर असे की, इंग्रजी तारीख मध्यरात्री उलटते, आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. त्या घटकेस उजाडावयाचे होते. अर्थात बुधवारच चालू होता, आणि त्या बुधवारच्या सूर्योदयाची तिथी चतुर्दशी. चंद्राच्या गतीने पौर्णिमा लागलेली होती हे खरे. म्हणून त्या पहाटे गेलेल्यांचे श्राद्ध मृत्युसमयीच्या तिथीस, पौर्णिमेस येते. परंतु दिवसाचे नाव सूर्योदयाच्या तिथीवरून पडते. आमच्याकडील वृद्ध स्त्रियांना तारीख विचारावी तर त्या ‘गणपती बोळवले त्या रात्री’ असेच सांगतात, आणि शास्त्राने पाहता त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

गणपती पोचवून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे क्षणात जमीनदोस्त झाली. बळींची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. यात तिथीचा काही एक दोष नाही. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद यांनी माणसे मारली. दख्खनचे पठार अचल आहे अशी समजूत असल्यामुळे, भिंतीचे दोन्ही पदर सांधणारा लांब दगड घालण्याची काळजी क्वचितच कोणी घेतली. त्या तिथीस अशुभ म्हणणाऱ्यांनी १९४८ चा तो शुक्रवार आठवावा.

सुमारे एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा एकत्र येतात. २००५ मध्ये व पुन्हा २०२४ मध्ये अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरलाच आली, आणि मराठवाड्यात मुक्तिसंग्रामाचे ध्वजवंदन व गणपतीचे विसर्जन एका दिवशी झाले. २०१२ मध्ये ती २९ सप्टेंबरला आली होती. त्या साली विसर्जनानंतरची पहाट तारखेनेही भूकंपाचीच होती. ज्यांच्या माळ्यावर १९४८ चे अथवा १९९३ चे पंचांग अद्याप जपलेले असेल, त्यांनी येत्या अनंत चतुर्दशीस ते काढून भाद्रपदाचे पान घरातल्या मुलांपुढे उघडावे.