निकाल न देणारे तिघे

रविवारी शाळेला सुट्टी असते, पण श्रीलंकेतल्या कितीतरी शाळांचे वर्ग त्या दिवशीही भरलेले दिसतात. बाकांवर मोठी माणसं बसलेली असतात, तीही एकमेकांकडे न बघता. कुणाचं कुंपण हातभर सरकलेलं, कुणाचे उसने पैसे बुडालेले, कुणी रागाच्या भरात शेजाऱ्याच्या थोबाडीत दिलेली. पुढे तीन माणसं बसतात. त्यांत एखादे निवृत्त मुख्याध्यापक असतात, एखादी गावातली जाणती बाई असते. ना काळा कोट, ना पुकारा करणारा शिपाई. या तिघांना पगार नाही, मिळतो तो जेमतेम प्रवासखर्च. आणि खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे: त्यांना निकाल देण्याचा अधिकारही नाही! तरीही देशभर अशा मंडळांपुढे वर्षाला लाखाहून जास्त तंटे येतात आणि त्यातले बरेचसे तिथेच मिटतात.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण म्हणतो. श्रीलंकेत ती चढायचीच असेल, तर आधी या वर्गातून जावं लागतं. 1988 च्या मध्यस्थी मंडळ कायद्याने ही वाट घालून दिली. ठरावीक रकमेच्या आतला दिवाणी वाद असेल किंवा किरकोळ मारहाणीसारखा गुन्हा असेल, तर तो आधी मंडळापुढे न्यायचा. तिथे जमलं नाही, तर ‘समेट झाला नाही’ असा दाखला मिळतो. तो जोडल्याशिवाय न्यायालय दावा दाखल करून घेत नाही. सुरुवातीला रकमेची मर्यादा 25 हजार श्रीलंकन रुपये होती. पुढे ती कैक पटींनी वाढली. आज अशी तीनशेहून अधिक मंडळं आहेत.

याआधी 1958 पासून तिथे सलोखा मंडळं होती. पण त्यांच्या नेमणुका मंत्र्यांच्या हाती, त्यामुळे पक्षाची माणसं खुर्चीत बसू लागली. लोकांचा विश्वास उडाला आणि ती बंद पडली. नव्या कायद्याने ही खोड ओळखली. नेमणुका एका स्वतंत्र आयोगाकडे दिल्या, त्यात माजी वरिष्ठ न्यायाधीश घेतले. मध्यस्थ व्हायचं तर आधी प्रशिक्षण घ्यायचं आणि त्यात तावूनसुलाखून निघायचं. वकिलांना या बैठकीत जागा नाही. ज्याचं भांडण त्यानेच बोलायचं.

आता कामाची रीत बघा. समजा, एकाच्या परसातला नारळ शेजाऱ्याच्या छपरावर कललाय. झाप पडतात, कौलं फुटतात. एक म्हणतो झाड तोडा, दुसरा म्हणतो बापाने लावलेलं झाड आहे, हात लावून दाखवा. मंडळाच्या यादीतून हा एक मध्यस्थ निवडतो, तो दुसरा निवडतो, आणि ते दोघे मिळून तिसरा. म्हणजे समोर बसलेल्यांपैकी एक जण तरी ‘माझा’ असतो. ही बारीकशी युक्ती अर्धं काम करते.

मग पहिला बोलतो आणि दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. नंतर दुसऱ्याची पाळी. मध्यस्थ विचारतात, छप्पर कधी फुटलं, आधी बोलणं कसं होतं, बोलणं कधी बंद झालं. हळूहळू उमगतं की नारळ हे निमित्त आहे. दुखणं आहे ते दोन वर्षांपूर्वी लग्नाचं आमंत्रण न दिल्याचं. न्यायालयात आमंत्रणाला काडीची किंमत नाही, तिथे फक्त झाडाची हद्द मोजली जाईल. इथे आधी आमंत्रणाचं बोलणं होतं. मग कौलांचा खर्च निम्मा निम्मा आणि दर पावसाळ्याआधी झाप उतरवायचे, असं दोघेच ठरवतात. ते कागदावर उतरतं, सह्या होतात.

हे जमतं कसं? मला वाटतं, उत्तर त्या नसलेल्या अधिकारातच आहे. ज्याच्या हाती निकाल आहे, त्याच्यापुढे माणूस जिंकायला बोलतो. पुरावे मांडतो, गैरसोयीचं झाकतो. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याला पटवून फायदा काय? पटवायचं तर समोरच्यालाच. शिवाय इथे बोललेलं पुढे न्यायालयात वापरता येत नाही, म्हणून ‘माझंही थोडं चुकलं’ हे वाक्य तोंडातून निघू शकतं. माघार घेताना मानही राखला जातो: शेजाऱ्यापुढे नमलो नाही, मध्यस्थांचा शब्द ठेवला, असं घरी सांगता येतं.

आपल्याकडची जुनी रीत याहून वेगळी. शिवकाळात आणि पेशवाईत गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची न्यायसभा, बसे. वादी-प्रतिवादी निवाडा मानण्याचं आधी लिहून देत, मग महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, होई. त्यावर कुणब्याची निशाणी नांगर, न्हाव्याची आरसा. सही न येणाऱ्या गावकऱ्याची साक्ष त्याच्या अवजाराने होई. हरणारा येजितखत लिहून देई, म्हणजे आपण हरलो याची लेखी कबुली. सगळं गाव न्यायात सामील, ही केवढी मोठी गोष्ट! पण तो निवाडाच होता. एक जिंके, दुसरा हरे, आणि गावची उतरंड गोतातही बसलेली असे.

15 ऑगस्ट 2007 ला आर. आर. पाटील महाराष्ट्राचे गृहमंत्री असताना सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम या दोन टोकांच्या मधली. ग्रामसभेने समिती नेमायची, पोलीस पाटील निमंत्रक, आणि बांधाच्या, भाऊबंदकीच्या, तडजोड होऊ शकणाऱ्या तंट्यांत समेट घडवायचा. गाव तंटामुक्त ठरलं की बक्षीस. त्या बक्षिसाने गावागावांत हुरूप आणला. मात्र मिटलेल्या तंट्यांवर गुण मिळू लागले की मिटवण्याची घाईही होऊ शकते.

घाईचा धोका श्रीलंकेतही आहे. मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘संसार आहे, सांभाळून घे’ म्हणून परत पाठवलं, तर तो समेट नव्हे, तिच्या माथी मारलेला अन्याय आहे. तिथल्या मंडळांवर ही टीका झालेली आहे. कर्जवसुलीला निघालेली बँक आणि एकटा कर्जदार समोरासमोर बसतात, तेव्हा बाकं सारखी असली तरी ताकद सारखी नसते.

भारताच्या 2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं एक प्रकरण आहे. वस्तीची शांतता बिघडवू शकणारा वाद, दोन्ही बाजूंची आधी संमती, तीन मध्यस्थ, आणि झालेल्या कराराला न्यायालयीन हुकूमनाम्याचं बळ नाही. श्रीलंकेत या वाटेने जाणं भाग आहे, इथे ते मर्जीवर. कायद्याने तीन खुर्च्या मांडल्या आहेत. आपल्या गावांत, सोसायट्यांत मागितल्याशिवाय निकाल देणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. दोन्हीकडचं शेवटपर्यंत ऐकून स्वतःचं मत गिळू शकतील असे तिघे शोधणं, हे खरं काम आहे.