उभी गाडी लवकर झिजते

इर्व गॉर्डन हे अमेरिकेतल्या लाँग आयलंडचे विज्ञानशिक्षक. १९६६ साली त्यांनी व्हॉल्वो पी-१८०० ही लाल स्पोर्ट्‌स कार घेतली आणि २०१३ मध्ये अलास्कात तिचे ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. पहिल्यांदा इंजिनाचं काम निघालं तेव्हा गाडी साडेसहा लाख मैलांच्या पुढे गेलेली. आपल्याकडे लाखभर किलोमीटर झाले की ‘आता हिचं काही खरं नाही’ म्हणून गिऱ्हाईक शोधायला लागतात.

गॉर्डन ऑइल वेळच्या वेळी बदलत, पण तेवढ्याने एवढा पल्ला गाठता येत नाही. त्यांचा शाळेला जाण्या-येण्याचा रोजचा प्रवासच दोनशे किलोमीटरचा होता. खरी मेख तिथे आहे.

चालू इंजिनात क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकत नाही. तो ऑइलच्या काही मायक्रोमीटर जाडीच्या थरावर तरंगत फिरतो. इंजिन बंद पडलं की थर दबून जातो आणि धातू धातूवर बसतो. पुढच्या स्टार्टला ऑइल पुन्हा सगळीकडे पोहोचेपर्यंतचे ते काही क्षण घासाघाशीचे. त्यात चोक ओढलेला असेल तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. शिवाय एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन तापलेलं असेल तर ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थंड असेल तर त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि आम्ल तयार व्हायला मदत करतं. म्हणून घरापासून बाजार समितीपर्यंत रोज दोन किलोमीटर फिरणारी गाडी महामार्गावरच्या गाडीपेक्षा किलोमीटरमागे जास्त झिजते. मीटरवरचा आकडा हे इंजिनाचं वय नव्हे.

इथे येवल्यात बसून जुनी गाडी पुन्हा चालती करायची तर व्हॉल्वो कुठून मिळणार? मराठी माणसाच्या हाताशी असलेली जुनी हौस म्हणजे कुर्ल्यात बनलेली फियाट, पुढे प्रीमियर पद्मिनी. तिला कुणी स्पोर्ट्‌स कार म्हणणार नाही, पण चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतींत उतरवलेल्या गाड्यांत हीच फियाट ११०० होती. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी. झिजलेला ब्लॉक अर्धा मिलिमीटर मोठा करून ओव्हरसाइझ पिस्टन बसवले की ते ११०५ सीसी होतात. झिजलेलं इंजिन दुरुस्तीनंतर आधीपेक्षा किंचित मोठं होतं, ही गंमत मला फार आवडते.

इंजिन पुन्हा नवं होतं, पत्र्याचं मात्र तसं नाही. या गाडीला वेगळी चौकट नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. दाराखालची पट्टी सडली की गाडीचा कणाच कुजला समजा. गंज चढायला लोखंड, ऑक्सिजन आणि ओल लागते, आणि मीठ असेल तर त्याचा वेग कितीतरी वाढतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत वाढलेली गाडी घेताना रंगाची चमक पाहू नये, खाली वाकून टोचून बघावं. येवला पर्जन्यछायेतलं, हवा वर्षातले बरेच महिने कोरडी, म्हणून इथला पत्रा टिकतो. त्याची किंमत रबर चुकती करतं. मे महिन्याच्या उन्हात होस, बुश, सील कडक होऊन तडकतात. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

सध्याची मोठी डोकेदुखी पेट्रोलची आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. नव्या गाडीचा सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. जुन्या कार्बोरेटरला असली अक्कल नाही. त्याचं जेट १९६० च्या दशकातल्या पेट्रोलसाठी कोरलेलं, त्यामुळे मिश्रण आठेक टक्क्यांनी पातळ होतं आणि झटके बसू लागतात. उपाय म्हणजे जेट थोडं मोठं करणं, आणि इथेनॉलला टिकणारे पाइप व डायफ्रॅम टाकणं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. टाकीत महिनोन्‌महिने साठून राहिलं तर पाणी धरून तळाशी वेगळं होऊ शकतं, आणि गंज टाकीच्या आतून सुरू होतो. इथेही ताडपत्रीखालची गाडीच आधी मार खाते.

आणि कायदा काय सांगतो? २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेची पाटी मिळू शकते. नोंदणीचे २० हजार रुपये, नूतनीकरणाचे पाच हजार. अट अशी की ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल अशा कामांनाच मुभा. येवल्याहून कोपरगावपर्यंत जाऊन इंजिन नीट तापवून आणणं देखभालीत मोडतं, असं माझं ठाम मत आहे. आरटीओचं वेगळं असू शकेल.