परदेशी घर हलविताना

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही धान्यबाजाराविषयी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची अपेक्षा होती. परंतु त्या विषयावर लिहिणारे आमच्याहून जाणते सभासद पुष्कळ आहेत. गेल्या काही वर्षांत आपल्या पेठेतील घरोघरची मुले शिक्षण व नोकरीनिमित्त परदेशी स्थायिक होऊ लागली आहेत, आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न निघतो : सामान कसे न्यावे? आमचे ज्येष्ठ चिरंजीव २०२२ साली सहकुटुंब बेळगावहून ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे राहावयास गेले. त्या वेळी जे शिकलो, आणि वेळेवर न शिकल्यामुळे जे भोगले, ते सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहोत.

आपला सारा व्यवहार क्विंटलावर चालतो. पोते काट्यावर चढले की हिशेब झाला. समुद्रमार्गे जाणाऱ्या घरसामानाचे भाडे मात्र वजनावर नव्हे, तर ते किती जागा अडविते त्यावर आकारतात. वीस फुटी कंटेनरच्या आत सुमारे ३३ घनमीटर जागा असते, चाळीस फुटीत सुमारे ६७. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. त्याच वीस फुटी डब्यात वीस टनांहून अधिक गहू मावेल. पण घरसामान भरले तर चार-पाच टनांपलीकडे वजन सहसा जात नाही. म्हणून वेताची खुर्ची येथे लोखंडी तिजोरीहून महाग पडते. पातेल्यात पातेले घालावे, मोठ्या डब्यांत कपडे भरावेत, रिकामी हवा भाड्याने नेऊ नये. विमानाने पाठवावयाचे झाल्यास एक घनमीटर जागा म्हणजे किमान १६७ किलो वजन असे धरून भाडे लावतात; तेव्हा पुस्तके व भांडी बोटीने, आणि पहिल्या महिन्याला लागणारे तेवढेच विमानाने, असा आमच्या घरी निर्णय झाला.

सामान थोडे असेल तर अख्खा कंटेनर घेण्याची गरज नाही. लहान कुटुंबांचे सामान मोठ्या लाकडी पेट्यांत भरून, अनेकांच्या पेट्या एका कंटेनरमध्ये एकत्र रवाना करतात. यात भाडे वाचते, पण डबा पूर्ण भरेपर्यंत तुमची पेटी गोदामात पडून राहते. आमची पेटी अशीच पाच आठवडे मुंबईनजीकच्या गोदामात थांबली होती. कंपनीने दिलेल्या मुदतीत ‘अंदाजे’ हा शब्द होता. तो आम्ही वाचला नव्हता.

या लाकडी पेट्यांची एक गोष्ट धान्यवाल्यांस विशेष रुचेल. लाकडातून किडी देशोदेशी पसरू नयेत म्हणून पेटीचे लाकूड आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमानास सलग ३० मिनिटे तापवावे, किंवा त्यास मान्य धुरी द्यावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तसे केल्याची खूण म्हणून पेटीवर जो शिक्का मारतात त्यात कणसाचे चिन्ह असते, शेजारी देशाची व उपचाराची अक्षरे. तो शिक्का स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावा. शिक्का नसलेली पेटी तिकडच्या बंदरात अडकते.

आता कंपनी निवडण्याविषयी. तीन ठिकाणचे भाव मागवावेत, हे व्यापाऱ्यांस सांगावयास नको. पण ज्या भावात घर पाहावयास माणूस येत नाही, किंवा निदान दूरध्वनीच्या पडद्यावर खोली-खोली पाहत नाही, तो भाव भाव नव्हे. दुसरे असे की, येथे करार करणारी कंपनी आणि तिकडे दारात सामान उतरविणारी कंपनी बहुधा निराळ्या असतात. पूर्वी हुंडेकरी माल सोपवून घेई तो पोचेपर्यंतची जोखीम त्याचीच असे. येथे मध्ये जहाजकंपनी, दलाल, तिकडचा हस्तक अशी साखळी असते. येथल्या कंपनीने तिकडच्या हस्तकाचे पैसे थकविले, तर तो तुमचेच सामान अडवून बसू शकतो. म्हणून तिकडचा हस्तक कोण, हे करारात लिहून घ्यावे. घरसामान हलविणाऱ्या कंपन्यांचा ‘फिडी’ नावाचा आंतरराष्ट्रीय संघ १९५० पासून आहे व तो सभासद कंपन्यांची तपासणी करतो. कंपनी त्यात आहे किंवा नाही, हे विचारण्यास काही पैसे पडत नाहीत. दारापासून दारापर्यंतच्या भावात तिकडील बंदराची हाताळणी, सरकारी तपासणीचा खर्च, जिन्यावरून सामान चढविण्याची मजुरी व विलंबशुल्क धरले आहे काय, हेही एकेक करून विचारावे.

सामानाची यादी हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. प्रत्येक खोक्यास क्रमांक, व क्रमांकापुढे आतील वस्तू. आपल्या कीर्दीत ‘किरकोळ’ हे खाते चालून जाते. कस्टमच्या यादीत ते चालत नाही. ‘किरकोळ स्वयंपाकघर’ असे लिहिलेले खोके हमखास उघडले जाते. बारा महिने व त्याहून अधिक काळ स्वतःजवळ असलेल्या व वापरलेल्या वस्तूंस ऑस्ट्रेलियात सहसा जकात पडत नाही. म्हणून निघण्यापूर्वी नवीन शीतकपाट घेऊन देण्याची हौस करू नये. ऑस्ट्रेलियात वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची असल्याने मिक्सर तेथे चालतो, केवळ प्लग बदलावा लागतो. अमेरिकेत जाणाऱ्यांनी मात्र तो येथेच ठेवावा.

देवघराविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुनी मूर्ती, आणि पंचाहत्तर वर्षे वा त्याहून जुनी महत्त्वाची हस्तलिखित पोथी, ही देशाबाहेर नेण्याचा अधिकार खासगी व्यक्तीस नाही. ती वडिलोपार्जित आहे, घरची आहे, विकावयाची नाही, या कारणांनी सुटका होत नाही; गुन्ह्यास तुरुंगवास आहे. आमच्या देवघरातील पितळी जिनप्रतिमा पणजोबांच्या काळची. सूनबाईंची ती नेण्याची फार इच्छा होती. ती नेली नाही. नवी घडवून घेतली, तिची पावती सामानात ठेवली. वस्तू जुनी दिसते पण जुनी नाही, अशी शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला आधी घ्यावा.

आणि आता आमची चूक. देवघराच्या खोक्यांतील अक्षता, लवंगा, बदाम, श्रीफळ आम्ही आठवणीने काढले होते. सूप, केरसुणी, मातीच्या कुंड्या ठेवून घेतल्या होत्या. बुटांच्या तळांची माती खरवडली होती. परंतु घरातील दगडी जाते चिरंजीवांबरोबर जात होते, आणि जाते रिकामे पाठवू नये म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी त्यात मूठभर गहू बांधून ठेवले. आम्ही ते पाहिले आणि काही बोललो नाही. चाळीस वर्षे धान्य विकणाऱ्या माणसास मूठभर गव्हात काय वावगे दिसणार?

खापरा किडा आपणां सर्वांस ठाऊक आहे. गोदामाच्या फटीत त्याची अळी अन्नावाचून वर्षानुवर्षे जिवंत राहते, फॉस्फाइडच्या गोळ्यांनाही काही ठिकाणी दाद देत नाही, आणि पोत्यात तिच्या कातींचा भुसा तेवढा दिसतो. आपण त्यास व्यापारातील तूट समजतो; ऑस्ट्रेलिया त्यास राष्ट्रीय संकट समजते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात हा किडा १९५३ साली सापडला, तेव्हा तो हुडकून नष्ट करण्यास त्यांस अनेक वर्षे लागली. ऑस्ट्रेलियात २०२० साली आयात केलेल्या शीतकपाटांच्या वेष्टनात तो आढळला, आणि त्याच वर्षी तेथील सरकारने घरसामान, प्रवासी सामान व टपाल यांतून तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, भुईमूग, जिरे, धने, सुकी मिरची इत्यादी आणण्यास बंदी केली. यादी वाचताना आमच्या दुकानाची पाटीच वाचीत आहोत असे वाटले. पण ती वाचली पेटी तेथे उघडल्यानंतर.

गव्हात किडा निघाला नाही. तरीही गहू नष्ट केले, जाते स्वतंत्र उपचारास गेले, सगळी पेटी फिरून तपासली, आणि तपासणी, उपचार व गोदामभाडे मिळून झालेला खर्च त्या जात्याच्या किमतीच्या कित्येक पट होता. चिरंजीवांनी आम्हांस रक्कम सांगितली नाही, सूनबाईंकडून कळली. झाडून, पुसून, उन्हात वाळवून पाठविलेल्या स्वच्छ सामानास तेथे धुरी देण्याची वेळ सहसा येत नाही. त्यात पैसा वाचतो आणि हिंसाही टळते, हे आपल्या समाजास निराळे सांगावयास नको.

विम्याबाबत दोनच गोष्टी. वस्तूची किंमत तिकडे ती नवी घेण्यास जे पडेल त्या हिशेबाने लिहावी. आणि जे खोके घरच्या माणसांनी भरले त्यातील फुटतुटीची भरपाई बहुधा मिळत नाही, म्हणून काचसामान कंपनीच्याच माणसांकडून भरून घ्यावे. विम्यात ‘जनरल ॲव्हरेज’ म्हणजे सामायिक हानीचा समावेश आहे ना, हे पाहावे. जहाज संकटात सापडून ते वाचविण्यास जो असामान्य खर्च होतो, तो त्या जहाजावरील सर्व मालधन्यांवर किमतीच्या प्रमाणात वाटला जातो, अशी ही जुनी सागरी वहिवाट आहे. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज आडवे रुतले, तेव्हा मालकाने हीच घोषणा केली. ज्यांची एक सुई मोडली नव्हती त्यांनाही हमी दिल्यावाचून माल मिळेना. विमा असलेल्यांची हमी विमा कंपनीने दिली.

आमचे सामान बेळगावहून ट्रकने न्हावाशेव्यास, तेथून एका बंदरी जहाज बदलून मेलबर्नला, असे दाराशी पोचण्यास एकूण साडेचार महिने लागले. पोचल्यावर खोकी क्रमांकवार मोजूनच सही करावी, व मोडलेली वस्तू त्याच कागदावर नोंदवावी. सही झाल्यावर केलेल्या तक्रारीस जोर राहत नाही. चिरंजीवांनी तसे केले. एक काचकपाट तडकले होते, त्याची भरपाई मिळाली. जाते सुखरूप आहे. तिकडच्याच दुकानातून गहू आणून सूनबाईंनी ते एकदा फिरविले, असे त्यांनी दूरध्वनीवरून सासूबाईंस कळविले.