एकच पुस्तक, तीन भाव: सेकंडहँड पुस्तक घेताना आधी काय बघायचं?

जुन्या पुस्तकांच्या व्यवसायावरच्या व्हिडिओत आपण म्हटलं होतं की नफा खरेदीतच असतो. अमेरिकेत राहून घरबसल्या जुनी पुस्तकं विकायची इच्छा असलेल्या प्रेक्षकांसाठी आज हे एका खऱ्या पुस्तकावरून सविस्तर समजून घेऊ.

पुस्तक आहे जॉन होप फ्रँकलिन यांचं ‘फ्रॉम स्लेव्हरी टू फ्रीडम’. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा, गुलामगिरीपासून पुढचा इतिहास. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्नॉफ या प्रकाशनाने काढलं आणि पुढे कॉलेजांत ते पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. आपल्याला हा विषय परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं, तेव्हा ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांनाच अर्पण केलं होतं.

आता धंद्याचं बोलू. हे पुस्तक इतक्या वेळा नव्याने निघालंय की नाव एकच असलं तरी बाजारात तो तीन प्रकारचा माल आहे, आणि नवीन माणूस नेमका इथेच फसतो.

पहिला गिऱ्हाईक म्हणजे विद्यार्थी. त्याला प्राध्यापकांनी सांगितलेलीच आवृत्ती लागते. २००० ची आठवी आवृत्ती फ्रँकलिन आणि आल्फ्रेड मॉस यांच्या नावावर आहे. २०१० च्या नवव्या आवृत्तीत इव्हलिन ब्रुक्स हिगिनबॉथम यांनी मजकूर मोठ्या प्रमाणात नव्याने लिहिला. म्हणजे आठवी हातात घेऊन नववीच्या वर्गात बसलेल्या मुलाची पानंही जुळणार नाहीत आणि प्रकरणंही. तो पुस्तक परत पाठवणार, आणि जाण्या-येण्याचं पोस्टेज बहुतेक वेळा तुमच्याच अंगावर येणार.

दुसरा गिऱ्हाईक संग्राहक. त्याला १९४७ ची पहिली आवृत्तीच हवी असते, तीही वरच्या कागदी वेष्टनासकट. या वेष्टनाला तिकडे डस्ट जॅकेट म्हणतात. जॅकेट असलेली आणि नसलेली प्रत यांच्या भावात प्रचंड फरक पडतो. गंमत बघा, या प्रतीत १९५४ चा ब्राऊन खटल्याचा निकाल नाही, मार्टिन ल्यूथर किंग नाहीत, नागरी हक्कांची चळवळच नाही, कारण ते सगळं नंतर घडलं. (त्या ब्राऊन खटल्यात वकिलांना इतिहासाची बाजू मांडायला मदत करणाऱ्यांत खुद्द फ्रँकलिन होते.) अभ्यासाला अपुरी असलेली प्रतच इथे सर्वात महाग असते.

तिसरा साधा वाचक. त्याला कुठलीही स्वच्छ प्रत चालते, फक्त स्वस्त हवी. मधल्या सगळ्या आवृत्त्या याच्यासाठी.

मग प्रत ओळखायची कशी? कव्हर बघून ठरवू नका, शीर्षकामागचं कॉपीराइटचं पान उघडा. क्नॉफची त्या काळातली पहिली आवृत्ती असेल तर तिथे तसं छापलेलं असतं. नंतरच्या पुस्तकांवर बऱ्याचदा आकड्यांची एक ओळ असते, त्यातला सर्वात लहान आकडा म्हणजे ती कितवी छपाई. या पुस्तकाची आणखी एक खूण आहे ती उपशीर्षकात. १९४७ च्या प्रतीवर ‘अमेरिकन नीग्रोज’ असे शब्द आहेत, नंतर ‘नीग्रो अमेरिकन्स’ आलं आणि त्यानंतर ‘आफ्रिकन अमेरिकन्स’. समाजाने स्वतःसाठी शब्द बदलला तसं पुस्तकाचं नावही बदलत गेलं. म्हणून ऑनलाइन यादीत टाकताना उपशीर्षक जसं छापलंय तसंच लिहा, स्वतःहून सुधारू नका. जुन्या प्रतींवर आयएसबीएन नसतो, त्यामुळे मोबाइलने स्कॅन करून भाव काढायची सवय असलेल्यांना त्या दिसतच नाहीत. लायब्ररीच्या विक्रीत किंवा जुन्या सामानाच्या दुकानात चांगली प्रत पडून राहायचं हे एक कारण आहे.

स्थितीबद्दल थोडं. तिकडच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात ‘गुड’ म्हणजे उत्तम नव्हे, ‘गुड’ म्हणजे वापरून जुनी झालेली, पण पानं पूर्ण असलेली प्रत. त्याच्या वर ‘व्हेरी गुड’ आणि ‘फाइन’ असतात. लायब्ररीचा शिक्का किंवा कार्डाचा खिसा असेल तर तसं स्पष्ट लिहा. वाचकाला त्याचं काही वाटत नाही, पण संग्राहक मात्र तिथेच थांबतो.

आता हिशेब. समजा मधली एक प्रत ५ डॉलरला घेतली आणि २० ला विकली. वेबसाइटचं कमिशन ३, पोस्टेज ५, पॅकिंग १. हातात राहिले ६. तीच प्रत १० डॉलरला घेतली असती तर १ डॉलर उरला असता, आणि एक जरी पुस्तक परत आलं तरी आधीच्या पाचांची कमाई साफ. पोस्टात पुस्तकांसाठी ‘मीडिया मेल’ नावाचा स्वस्त दर आहे, तो वापरा.

कायद्याची भीती अनेकांना वाटते. विकत घेतलेली प्रत पुन्हा विकायचा हक्क अमेरिकेत पक्का आहे. सुपाप किर्त्सेंग हा थाई विद्यार्थी थायलंडमध्ये स्वस्त मिळणारी पाठ्यपुस्तकं नातेवाइकांकडून मागवून अमेरिकेत विकायचा. प्रकाशकाने खटला भरला आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने दिला. पण हे वाचून इथून ‘फक्त भारतीय उपखंडासाठी’ छापलेल्या पुस्तकांची खोकी पाठवायला लागू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये अशा निर्यातीच्या प्रकरणात प्रकाशकाच्या बाजूने मनाई दिली होती. आधी वकिलाला विचारा. आणि पायरेटेड प्रतींना यातलं कुठलंच संरक्षण नाही, दोन्हीकडे.

शेवटचा मुद्दा वेळेचा. विद्यार्थ्यांची मागणी ऑगस्ट आणि जानेवारीत असते, म्हणजे सत्र सुरू होताना. साध्या वाचकांसाठी फेब्रुवारी लक्षात ठेवा, तो तिथे ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’ असतो. खरेदी मात्र मे आणि डिसेंबरमध्ये करा, मुलं पुस्तकं काढून टाकत असतात तेव्हा. नवी आवृत्ती जाहीर झाल्याचं कळलं की विद्यार्थ्यांसाठी भरलेला जुना माल त्याच आठवड्यात कमी भावाने काढा. १९४७ ची प्रत असेल तर ती मात्र कपाटातच राहू द्या.